पुरोगामी लोकवादी उमेदवाराचा जाहीरनामा (अमेरिका, २०२८): काय असावे आणि ते कोणत्या दाराने आत यावे

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार. २०२८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत एखादा पुरोगामी लोकवादी उमेदवार उभा राहिला, तर त्याच्या जाहीरनाम्यात कोणती धोरणे असावीत, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. उमेदवार कोण असावा, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू या.

आधी शब्दाविषयी थोडे. ‘पॉप्युलिस्ट’ या शब्दासाठी आपल्याकडे ‘लोकानुनयी’ असे लिहिले जाते आणि त्यातून तिजोरीची पर्वा न करता खिरापत वाटणारा पुढारी डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत हा शब्द रुजला तो कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पक्षामुळे. मालवाहतुकीचे मनमानी दर लावणाऱ्या रेल्वे कंपन्या आणि शेतमालाला न परवडणारा भाव यांनी पिचलेल्या कापूस व गहू उत्पादकांच्या पीपल्स पार्टीने ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातील ओमाहा येथे आपला जाहीरनामा संमत केला. उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक, टपाल खात्याच्या बचत बँका, गुप्त मतदान आणि रेल्वेची सरकारी मालकी या त्यातील ठळक मागण्या होत्या. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना १० लाखांहून अधिक लोकांची मते आणि २२ इलेक्टोरल मते मिळाली. पुढे पक्ष विरून गेला. परंतु टपाल बँक १९११ मध्ये सुरू झाली आणि १९१३ मध्ये सोळावी व सतरावी घटनादुरुस्ती होऊन प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी संविधानात आल्या. या परंपरेचा मान राखून मी ‘लोकवादी’ हा शब्द वापरत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जाहीरनाम्यातील प्रत्येक कलमापुढे ते कोणत्या दाराने आत येणार, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेत अशी चार दारे आहेत. पहिले अध्यक्षांच्या सहीचे. दुसरे ‘रिकन्सिलिएशन’चे, म्हणजे कर आणि सरकारी खर्च यांच्याशी थेट संबंध असलेल्या बाबी सिनेटमध्ये साध्या बहुमताने संमत करण्याचे. तिसरे, अडवणुकीवर मात करण्यासाठी ६० सिनेटरांची मते लागणारे. चौथे घटनादुरुस्तीचे, ज्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ३८ राज्यांची मान्यता लागते. तिसऱ्या किंवा चौथ्या दाराची गोष्ट पहिल्या दाराने आणतो असे सांगितले की लोकांची फसगत होते, आणि फसगत झालेला मतदार पुढच्या वेळी घरी बसतो.

विद्यार्थी कर्जमाफीचे उदाहरण घ्या. बायडन प्रशासनाने २००३ च्या एका कायद्याचा आधार घेऊन १०,००० डॉलरपर्यंत, आणि गरजू म्हणून पेल अनुदान मिळालेल्यांना २०,००० डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. लाखो लोकांनी अर्ज भरले, आणि ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना रद्द केली. नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारे करार बंद करण्याचा फेडरल ट्रेड कमिशनचा नियमही एप्रिल २०२४ मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये टेक्सासमधील न्यायालयाने तो लागू होण्याआधीच अडवला. पहिले दार उघडायला सोपे असते, पण तेवढ्याच सहजपणे ते बंदही होते.

उलट दुसऱ्या दाराने आलेल्या गोष्टी पाहा. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातील ज्येष्ठांना इन्सुलिन महिना ३५ डॉलरच्या वर पडेनासे झाले, २०२५ पासून औषधांवरील त्यांच्या खिशातील खर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली आणि पहिल्या दहा औषधांचे वाटाघाटीने ठरलेले दर जानेवारी २०२६ पासून लागू झाले. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने हे झाले.

म्हणून माझ्या मसुद्यात पहिले कलम मेडिकेअरचे आहे. वयाची अट ६५ वरून ६० वर आणावी आणि दात, कान व डोळे यांचे उपचार मूळ मेडिकेअरमध्ये घ्यावेत. साठीच्या माणसाला दात आणि श्रवणयंत्र यांचा खर्च स्वतः करावा लागतो, हे ज्यांचे आईवडील येथे राहतात त्यांना वेगळे सांगायला नको. अंमलबजावणी जमणार नाही म्हणणाऱ्यांनी मूळ इतिहास पाहावा: अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली आणि १ जुलै १९६६ रोजी सुमारे १ कोटी ९० लाख ज्येष्ठांसह योजना सुरू झाली. एवढेच नव्हे, तर मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, अशी अट असल्यामुळे दक्षिणेतील रुग्णालयांतील गोऱ्या आणि काळ्या रुग्णांचे वेगळे कक्षही त्याच काळात मोडले गेले.

दुसरे कलम सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे. पगारातून ६.२ टक्के कपात होते, पण २०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावरच होती. वर्षाला १० लाख डॉलर पगार घेणाऱ्याची कपात मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. गोदामात काम करणाऱ्याची ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहते. ही मर्यादा काढावी. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सोशल सिक्युरिटीतील बदल रिकन्सिलिएशनने करता येत नाहीत, ते तिसऱ्या दाराचे काम आहे. मात्र विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ मध्ये संपतो आणि त्यानंतर येणाऱ्या पैशातून सुमारे ७७ टक्केच लाभ देता येतील. २०२८ मध्ये निवडून येणाऱ्या अध्यक्षांची मुदत जानेवारी २०३३ मध्ये संपते. म्हणजे हा प्रश्न त्यांच्याच कारकिर्दीत दाराशी येऊन उभा राहील. १९८३ मध्ये अशीच वेळ आली तेव्हा दोन्ही पक्ष एकत्र बसले, आणि त्या तडजोडीत निवृत्तीचे वय ६७ पर्यंत नेले गेले. या वेळी झीज कोणी सोसायची, हे निवडणुकीतच ठरवून घ्यावे.

तिसरे कलम सार्वजनिक बँकांचे, आणि याविषयी मला विशेष आस्था आहे, कारण मी नऊ वर्षे नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गोत राहतो. नॉर्थ डकोटा हे आज रिपब्लिकन पक्षाचे भक्कम राज्य आहे. तरीही राज्याच्या मालकीची बँक येथे १९१९ पासून चालू आहे. येथील गहू मिनियापोलिसच्या व्यापाऱ्यांकडे जाई, प्रतवारी तेच ठरवत, भावही तेच पाडत, आणि कर्जही त्यांच्याशी लागेबांधे असलेल्या बँकांकडून घ्यावे लागे. १९१५ मध्ये ए. सी. टाउनली या शेतीत बुडालेल्या माणसाने नॉनपार्टिझन लीग काढली. तिचे कार्यकर्ते फोर्ड गाड्यांतून शेताशेतांवर हिंडले, पुढच्या तारखेचे धनादेश घेऊन वर्गणी जमवली आणि १९१६ मध्ये लिन फ्रेझियर गव्हर्नर झाले. १९२१ मध्ये मतदारांनी फ्रेझियर यांना परत बोलावले, पण बँक ठेवली. ग्रँड फोर्क्सची सरकारी पिठाची गिरणी १९२२ मध्ये सुरू झाली आणि तीही आज चालू आहे. राज्याचा पैसा या बँकेत ठेवला जातो आणि ती गावोगावच्या लहान बँकांबरोबर भागीदारीत कर्ज देते, त्यांच्याशी स्पर्धा करत नाही. इतर राज्यांना अशा बँका काढण्यासाठी केंद्राने भांडवल द्यावे, असे माझे सुचवणे आहे.

आपली मते आणि विशेषतः हरकती वाचायला आवडतील.

भीमाकाठ

उत्तरवारा, आपण दारांची मांडणी केली आहे, पण घराला पैसा लागतो त्याचे काय? व्हरमाँट हे पुरोगामी विचारांचे राज्य. तेथे २०११ मध्ये सर्वांसाठी एकच सार्वजनिक आरोग्य विमा आणण्याचा कायदा झाला. डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी स्वतःच तो बेत सोडला, कारण हिशेब मांडल्यावर मालकांवर वेतनाच्या ११.५ टक्के आणि व्यक्तींवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर बसणार, असे दिसले. ज्या माणसाने ही योजना स्वतःच्या प्रतिष्ठेचा विषय केली होती त्यालाच माघार घ्यावी लागली, हे विसरून चालणार नाही.

श्रीमंतांवर संपत्ती कर लावू, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. १९९० मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील १२ देशांत असा कर होता, २०१७ मध्ये चारच देश उरले. शिवाय २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचे साहाय्य वाटल्यानंतर जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. त्याला युद्ध आणि तुटलेला पुरवठा हीही कारणे होती, हे मान्य. तरी किराणा घेताना सामान्य माणसाने कोणाला दोष दिला, ते निकालात दिसले.

उत्तरवारा

भीमाकाठ, हरकत वजनदार आहे आणि तिच्यामुळेच मी ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ हे कलम पहिल्या चार वर्षांसाठी लिहिलेले नाही. व्हरमाँटची लोकसंख्या सहा-सव्वासहा लाख, त्यात केंद्राप्रमाणे कर्ज काढण्याची मुभा नाही, आणि मेडिकेअरचा निधी राज्याच्या हाती नाही. एवढ्या लहान खांद्यांवर ते ओझे पेलणे कठीणच होते. तेथे नवा कर सर्वांना दिसला, पण आज पगाराच्या चिठ्ठीतून जाणारा विम्याचा हप्ता आणि मालकाने भरलेला, म्हणजे पगारवाढीतून वळता झालेला हिस्सा कोणी मोजला नाही. २०२३ मध्ये हा देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के आरोग्यावर खर्च करत होता. पैसा जातोच आहे.

संपत्ती कराबाबत मात्र मी आपल्याशी बराच सहमत आहे. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कोठेही राहिले तरी कर लावते, त्यामुळे श्रीमंत देश सोडून जातील ही युरोपातील अडचण येथे तितकी नाही. खरी अडचण मूल्यांकनाची आणि सर्वोच्च न्यायालयाची आहे. त्याऐवजी वारसांना मिळणारी सूट बंद करावी. एखाद्याने १ लाख डॉलरला घेतलेले समभाग मृत्यूच्या वेळी १ कोटीचे झाले असतील, तर वारसाच्या दृष्टीने खरेदीची किंमतच १ कोटी धरली जाते आणि मधल्या ९९ लाखांच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर कधीच लागत नाही. शेत आणि लहान दुकान यांना पुरेशी वजावट ठेवून ही सूट काढता येईल, आणि ती दुसऱ्या दाराने काढता येईल.

रानजाई

मिझुरीत औषधविक्रेती म्हणून काम करते, म्हणून येथील अनुभव लिहिते. आपल्या मसुद्यात किमान वेतन नाही याचे आश्चर्य वाटले. केंद्राचे किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबले आहे. वर्षभर पूर्ण वेळ राबूनही हातात १५,०८० डॉलर येतात. टिप घेणाऱ्या कामगारांसाठीचे २.१३ डॉलर तर १९९१ पासून हललेले नाहीत.

पुरोगामी धोरण डाव्या राज्यांतच चालते, हा समज मतपेटीने खोटा ठरवला आहे. फ्लोरिडात २०२० मध्ये १५ डॉलर किमान वेतनाला सुमारे ६१ टक्के मते पडली, आणि त्याच दिवशी ते राज्य ट्रम्प यांनी जिंकले. नेब्रास्काने २०२२ मध्ये तेच केले. आमच्या मिझुरीत २०१८ मध्ये संघटनांना कमकुवत करणारा ‘राइट टू वर्क’ कायदा दोन तृतीयांश मतांनी फेटाळला गेला आणि २०२४ मध्ये १५ डॉलर वेतन व पगारी आजारपणाची रजा या दोन्हींना जनतेने कौल दिला. पण पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्यातील रजेचा भाग काढून टाकला. जून महिन्यात माझ्या काउंटरवर ताप अंगावर घेऊन उभी राहिलेली एक स्वयंपाकीण मला म्हणाली की आता रजा मिळते म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले. ऑगस्टअखेर तो हक्क संपला. लोकांनी दिलेला कौल असा काढून घेता येतो, म्हणूनच केंद्राचा पाया हवा.

उत्तरवारा

रानजाई, किमान वेतन मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण ते दार बंद झालेले आपण पाहिले. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी सिनेटच्या नियमांचा अर्थ लावणाऱ्या संसदीय अधिकाऱ्यांनी १५ डॉलरचे कलम रिकन्सिलिएशनमध्ये बसत नाही असे सांगितले, आणि ५ मार्चला ते टिकवण्याचा प्रस्ताव ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला. त्या ५८ मध्ये डेमोक्रॅटिक गटाचे आठ जण होते. परंतु आपण दिलेले राज्यांचे कौल पाहता ते मागे ठेवणे चूक आहे. ज्या राज्याच्या मतदारांनी स्वतः ही वाढ मंजूर केली, तेथील सिनेटराला तिच्याविरुद्ध मत देताना सर्वांसमोर उभे करावे. हे कलम मी वर घेतो, आणि महागाईनुसार आपोआप वाढण्याची तरतूद त्यात असलीच पाहिजे.

अक्षांश

चर्चेत आपण सगळे स्वतःला वगळून बोलत आहोत, असे वाटल्याने लिहीत आहे. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला मत नाही, प्रचाराला देणगी देण्याची कायद्याने परवानगी नाही, पण पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात इतरांइतकीच होते. भारत आणि अमेरिका यांच्यात त्याबाबतचा करार नाही. दहा वर्षांच्या आत परतावे लागले तर निवृत्तिवेतनासाठी भरलेले बहुधा बुडीतच. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा नवी शोधायला ६० दिवस होते आणि त्याच दिवसांत विम्याचा संपूर्ण हप्ता, मालकाचा हिस्सा धरून, माझ्या खिशातून जात होता. पत्नी सहा महिन्यांची गरोदर होती. दुसरी नोकरी मिळाली ती कमी पगारावर, आणि ती मी नाकारू शकत नाही हे समोरच्यालाही ठाऊक होते.

बर्नी सँडर्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये एच-१बी पद्धतीवर टीका केली, तेव्हा आपल्या लोकांना राग आला. मला त्यातील अर्धा भाग पटला. व्हिसा मालकाच्या हाती असल्यामुळे माझे वेतन दबते, आणि माझे दबले की शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन सहकाऱ्याचेही दबते. उपाय मात्र व्हिसा कमी करण्याचा नसून तो कामगाराच्या नावावर करण्याचा आहे: मालक बदलायची पूर्ण मोकळीक, नोकरी गेल्यास किमान सहा महिने, आणि ग्रीन कार्डावरची दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा रद्द.

हे मी आणखी एका कारणासाठी लिहितो. धागाकर्त्यांनी १८९२ चा गौरव केला, पण त्याच पक्षाचे जॉर्जियातील टॉम वॉटसन यांचा उल्लेख केला नाही. गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना एकाच शोषणाविरुद्ध एकत्र या असे सांगणारा हा पुढारी पुढे काळे, कॅथलिक आणि ज्यू यांच्याविरुद्ध विष ओकू लागला. लोकवादी राजकारणात ‘लोक’ कोण, हे पहिल्या पानावर लिहिले नाही तर पराभवानंतर ते कोणीतरी आपल्या सोयीने लिहितो.

पाणकणीस

अक्षांश यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मला एकच भर घालायची आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४४ मध्ये उपयुक्त आणि पुरेसे वेतन देणाऱ्या कामाचा हक्क मांडला, आणि रोजगाराची हमी ही कल्पना अमेरिकेतील पुरोगामी वर्तुळात अधूनमधून वर येते. आपल्याला ती नवी नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माझे वडील त्या कामांवर मुकादम होते. ती टिकली याचे एक कारण असे की शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा तिच्यासाठी वेगळा काढला गेला, त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पापुढे हात पसरावा लागला नाही. अमेरिकेत कोणी हे कलम लिहिले, तर निधीचा झरा कायद्यातच बांधून घ्यावा.

भीमाकाठ

पाणकणीस यांचा मुद्दा मला पटला, आणि त्याच न्यायाने एक प्रश्न विचारतो. २०२१ मध्ये मुलांसाठीचे साहाय्य थेट खात्यात आले, दर मुलामागे महिना २५० किंवा ३०० डॉलर, जुलै ते डिसेंबर. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आले आणि साहाय्य थांबल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेले. खर्चाबद्दल कितीही शंका असल्या, तरी हा आकडा पाहून मीही अस्वस्थ होतो. एवढे उघड यश असलेली योजना सहा महिन्यांत संपते, ती का? बांधून घेतलेला निधी नव्हता, आणि तिच्यासाठी रस्त्यावर येणारी संघटनाही नव्हती. आपल्या मसुद्यात कामगार संघटनांविषयी एक ओळही नाही.

उत्तरवारा

सर्वांचे आभार. भीमाकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. टाउनली यांच्याकडे वर्गणी भरलेले हजारो शेतकरी होते म्हणून बँक टिकली. २०२१ च्या साहाय्याची मुदत वाढवणे ५०-५० अशा सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर जो मँचिन यांच्या नकारावर अडले, तेव्हा त्यांच्या वेस्ट व्हर्जिनियातील आईबापांची कोणतीही संघटना त्यांच्या दारात उभी नव्हती. २०२४ मध्ये खासगी क्षेत्रातील ५.९ टक्के कामगारच संघटनेचे सभासद होते. संघटना बांधणे सोपे करणारा ‘प्रो ॲक्ट’ प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये संमत केला आणि तो सिनेटमध्ये पडून राहिला.

म्हणून मसुद्यात तीन बदल करतो. अक्षांश यांनी सुचवल्याप्रमाणे पहिल्या परिच्छेदात ‘लोक’ म्हणजे या देशात राबणारा प्रत्येक जण, त्याच्याजवळ कोणताही कागद असो, असे लिहितो, आणि व्हिसा कामगाराच्या नावावर करण्याचे कलम किमान वेतनाशेजारी ठेवतो. मुलांचे साहाय्य कायम स्वरूपात घेतो आणि वारसांची सूट बंद करून येणारा पैसा कायद्यानेच त्याला जोडतो. तिसरा बदल सर्वांत वरचा आहे. ६० मतांची अट संविधानात नाही, तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी तो २०१३ आणि २०१७ मध्ये साध्या बहुमताने बदलला गेला. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांसाठी तो बदलण्याचा प्रयत्न ४८ विरुद्ध ५२ मतांनी फसला. प्रो ॲक्ट, किमान वेतन आणि सोशल सिक्युरिटी या तिन्ही गोष्टी त्याच दाराशी अडलेल्या आहेत. तेव्हा पक्षाच्या सिनेट उमेदवारांनी पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच या नियमाविषयी लेखी उत्तर द्यावे, अशी अट घालावी.

शेतीचे प्रकरण अजून लिहायचे आहे. गोमांस प्रक्रियेचा सुमारे ८५ टक्के व्यवसाय चार कंपन्यांच्या हातात आहे, आणि त्यांना आवर घालण्यासाठी १९२१ चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा कृषी खात्याजवळ आधीपासून आहे. ते पहिल्या दाराचे काम असल्याने न्यायालयात कसे टिकवायचे, हेही त्याच वेळी ठरवावे लागेल. कोणी त्या क्षेत्रात काम करत असल्यास जरूर लिहावे.